बहात्तरची

मी त्या बाईला तीन महिने आजी म्हणत होते आणि ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान निघाली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी बऱ्याच जणांवर आग पाखडणार आहे आणि वाचणाऱ्याला असं वाटायला नको की मी स्वतः धुतल्या तांदळासारखी आहे.

मी सोलापुरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. तीस वर्षं झाली. रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, काचेवर पसरून रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मोजत बसायचं. शुक्रवार पेठेतलं घर सकाळी आवरून निघते ते संध्याकाळी मान धरूनच परत येते. माझा आवाज मोठा आहे आणि डोकं लवकर तापतं. घरचे म्हणतात, गावाचं ऊन हिच्या डोक्यात कायमचं मुक्कामाला आलंय. म्हणू देत. या प्रकरणात माझं डोकं तापलं ते योग्यच होतं, फक्त तीन महिने उशिरा तापलं.

आमच्या सरांचा विषय पेशींचं म्हातारपण. सर प्रोफेसर आहेत, परदेशात शिकून आलेले, आणि तरीही इथंच राहिलेले, याबद्दल मला त्यांचं कौतुक आहे. त्यांनीच मला हा विषय समजावला. पेशी म्हातारी होते म्हणजे मरत नाही. तिची वाढ थांबते, पण ती जागा सोडत नाही. बसल्या जागेवरून काहीबाही सोडत राहते आणि आजूबाजूच्या चांगल्या पेशींना बिघडवते. कॅन्सरच्या औषधांनी गाठीतल्या बऱ्याच पेशी मरतात, पण काही मरायच्या ऐवजी नुसत्या म्हाताऱ्या होतात, आणि त्याच पुढं घात करतात असा सरांचा संशय. म्हणून कॅन्सरच्या रुग्णांचं रक्त उपचाराआधी आणि नंतर तपासायचं. एक रंग आहे, तो अशा म्हाताऱ्या पेशींतच निळा उतरतो. किती पेशी निळ्या झाल्या ते मी मोजायचं आणि सरांनी त्याचा आलेख काढायचा. आडव्या रेषेवर माणसाचं कागदावरचं वय, उभ्या रेषेवर निळ्या पेशी.

"माणसाचं वय वेगळं आणि त्याच्या पेशींचं वय वेगळं," हे सरांचं लाडकं वाक्य. प्रत्येक भाषणात असायचं. मुलं वहीत लिहून घ्यायची. आणि हे वाक्य ज्या प्रयोगशाळेत उठता-बसता ऐकू यायचं, तिथं आम्ही एका बाईचं वय तिला न विचारता लिहून मोकळे झालो होतो.

रक्ताचे नमुने गोळा करायला मी आठवड्यातून दोन दिवस कॅन्सरच्या इस्पितळात जायची. जिन्याखाली मला एक खोली दिली होती. टेबल, दोन खुर्च्या आणि एक पंखा, तोही फिरायचा तेव्हा फिरायचा. ती बाई तिथं पहिल्यांदा आली तेव्हा पदर तोंडावर धरूनच आली. कुंभारीच्या कामगार वसाहतीत राहणारी, विड्या वळणारी. मांडीवर सूप घेऊन पस्तीस वर्षं बसल्यानं पाठीला बाक आलेला. केस पांढरेशुभ्र, पुढचे दात गेलेले. मशेरीनं डाव्या गालाच्या आत फोड झाला होता आणि तो पिकून तोंड इतकं आवळलं होतं की दोन बोटंही आत जात नव्हती. मी उठून तिला खुर्ची दिली आणि म्हणाले, बसा आजी.

मग फॉर्म भरला. अभ्यासात सामील व्हायला रुग्णाची संमती लागते, त्याचा फॉर्म. नाव, पत्ता लिहिला. वयाच्या रकान्यात, नाव नोंदवायच्या खिडकीवर मिळालेल्या तिच्या केसपेपरवरून बघून, बहात्तर लिहिलं. त्या रकान्याखाली बारीक अक्षरात छापलेलं आहे, रुग्णास विचारून भरावे. तो फॉर्म मराठीत मीच केला आहे. ती ओळ माझीच आहे.

ती बोलकी होती. तोंड उघडत नव्हतं तरी बोलायची. शब्द अर्धे गालातच राहायचे, पण एकदा कान सरावला की कळायचे. म्हातारी पेशी म्हणजे काय, असं तिनं विचारलं. मी सांगितलं तसं तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, म्हंजे घरात बसून खानारी आन दुसऱ्याचं नासवनारी, व्हय? मी म्हटलं, अगदी तीच. तर म्हणे, मग तिला हाकलायचं औषध द्या की. मी हसले. सरांना सांगितलं, तर तेही हसले, आणि पुढच्या भाषणात त्यांनी ते वापरलंसुद्धा.

तिचं एकच मागणं होतं. गाल कापून टाकायचा. वसाहतीतल्या एका बाईचं असंच ऑपरेशन झालं होतं आणि ती आता बरी होऊन पुन्हा विड्या वळायला बसत होती. हिला तेच हवं होतं. पण इस्पितळात दर मंगळवारी डॉक्टरांची बैठक बसते, तीत प्रत्येकाची फाईल वाचून उपचार ठरतो. हिची फाईल वाचली गेली ती अशी: बहात्तर वर्षांची स्त्री, अशक्त, सोबत कुणी येत नाही. वय पाहता मोठी शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची जड औषधं झेपणार नाहीत, तेव्हा तोंडाने घ्यायच्या गोळ्यांवर ठेवावे. गोळ्या म्हणजे दुखणं जरा आवरायचं आणि वाट बघायची. कशाची वाट, ते फाईलमध्ये लिहीत नाहीत.

दर खेपेला ती मला विचारायची, माझं आपरेशन कवा? तिच्यासोबत रांगेत बसणाऱ्या बायकांना तारखा मिळत होत्या. तिला दिसत होतं की. आणि मी, शिकलेली, तीस वर्षं प्रयोगशाळेत घालवलेली, तिच्या हातावरची शीर शोधता शोधता मायेनं म्हणायची, आजी, या वयात कशाला चिरफाड करून घेता? हे वाक्य आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ती पदर सावरून हात पुढं करायची. तिला वाटत असणार, ही रोज रक्त बघते, हिला कळत असेल.

दरम्यान माझी मोजणी झाली आणि सर खूश झाले. तिचा ठिपका आलेखावर सगळ्यांपासून वेगळा पडला होता. सत्तरीच्या माणसांच्या निळ्या पेशी जिथं असायला हव्यात, त्याच्या खूप खाली. बहात्तर वर्षांची बाई, कॅन्सर झालेला, आणि रक्त मात्र कितीतरी तरुण. मी दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. मोजणीत चूक नव्हती.

सरांनी त्या ठिपक्याला लाल रंग दिला आणि त्याचं नाव ठेवलं 'सोलापूरची आजी'. एका मोठ्या सभागृहात त्यांचं व्याख्यान होतं, मी मागच्या रांगेत बसले होते. सरांनी पडद्यावर तो लाल ठिपका दाखवला आणि सांगितलं, की आयुष्यभराचे कष्ट, साधी भाकरी, शेंगाची चटणी आणि मोकळी हवा यांनी या आजींच्या पेशी तरुण ठेवल्या असाव्यात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या गावच्या भाकरीचं कौतुक कुणाला नको असतं? मला मात्र मोकळी हवा कुठली ते कळेना. दहा बाय दहाच्या खोलीत तंबाखूची धूळ उडत असते, खोकला आला तरी हात थांबवायचा नाही, ही तिची हवा. हे मला माहीत होतं, तिनंच सांगितलं होतं. तरी मी मूग गिळून बसले. सरांच्या बोलण्यात नंतर कधीतरी सुधारणा सुचवू, असं मनाशी म्हणाले.

तिसऱ्या महिन्यात ती आली तेव्हा पहिल्यांदाच सोबत घेऊन आली. बाहेर बाकावर एक बाई बसली होती, ताठ, केसांत अजून काळं शिल्लक असलेली. माझी थोरली भन, असं तिनं सांगितलं. केम गावाहून सकाळच्या गाडीनं आली होती, आता काही दिवस राहणार होती. मी पट्टी बांधता बांधता सहज विचारलं, त्यांचं बरं आहे ना सगळं, वय झालं असेल. तर ती म्हणाली, बरी हाय की, औंदा साठी लागली तिला.

मला हसू आलं. मी म्हटलं, आजी, थोरली म्हणता आणि साठीची सांगता. धाकटी असेल.

"थोरलीच की. मला कडंवर घिऊन फिरायची."

मी पट्टी तशीच धरून राहिले. मग तुमचं वय काय, असं मी विचारलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा विचारलं.

"सांगितलंय की खिडकीवर. बहात्तरची."

"बहात्तर वर्षांच्या?"

"वर्सं न्हाय वं. बहात्तर सालची. दुष्काळातली."

मी तिच्या दंडावरची पट्टी सोडून ठेवली. ती सांगत राहिली. दुष्काळात केमकडं रस्त्याच्या कामावर तिची आई खडी फोडत होती, तिथंच ही झाली. आईनं दहाव्या दिवशी पुन्हा हातोडा धरला आणि हिला थोरलीच्या कडेवर दिलं. तेव्हापासून सगळं गाव हिला बहात्तरची म्हणतं. लग्न ठरवायला आले त्यांनाही तसंच सांगितलं होतं, कुंभारीत शेजारणीही तेच म्हणतात. आमच्या भागात जुनी माणसं अशीच वयं सांगतात. दुष्काळात पाळण्यात होता, दुष्काळानंतर दोन वर्षांनी झाली. ऐकणारा मनात वजाबाकी करतो. खिडकीवरच्या माणसानं वजाबाकी केली नाही. त्यानं मान वर केली असेल, पांढरे केस, बाक आलेली पाठ, पदराआडचं बोळकं बघितलं असेल आणि ऐकलेला आकडा लिहिला असेल. त्या आकड्याला तिचा चेहरा साक्षीदार होता, मग कोण कशाला विचारतो?

मी फाईल ओढली. पहिल्या पानावर बहात्तर. तुकडा तपासल्याच्या अहवालावर बहात्तर. स्कॅनवर बहात्तर. मंगळवारच्या बैठकीच्या कागदावर बहात्तर. माझ्या फॉर्मवर, माझ्याच अक्षरात, बहात्तर. आणि सगळ्यात शेवटी, पिनेनं टोचलेली तिच्या आधार कार्डाची झेरॉक्स. जन्मतारीख एक जानेवारी एकोणीसशे बहात्तर. पहिल्या दिवसापासून तिथं होती. एवढ्या शिकलेल्या हातांतून ती फाईल फिरली, पण शेवटचं पान कुणी उलटलं नाही. ती बावन्न वर्षांची होती. मी चोपन्न.

तिला मी सांगितलं. सांगणं भागच होतं. तुम्हाला सगळ्यांनी बहात्तर वर्षांची धरलं, म्हणून ऑपरेशन ठरलं नाही, असं सरळ सांगितलं. ती रडेल, ओरडेल असं मला वाटलं होतं. मी तिच्या जागी असते तर इस्पितळ डोक्यावर घेतलं असतं. तिनं पदर तोंडावरून खाली घेतला आणि माझ्याकडं नीट बघितलं.

"तुमाला मी बहात्तर वर्साची दिसले व्हय?"

मी दर महिन्याला केस रंगवते. माझे दात जागेवर आहेत, चष्मा चांगला आहे, पगार पहिल्या तारखेला येतो. आम्ही दोघी एका शाळेत असतो तर मी तिच्या दोन वर्ग पुढं असते. ती म्हणाली, तुमी आजी म्हनायच्या, मला वाटलं शेरातली रीत हाय.

मग मात्र मी उठले. आधी खिडकीवर गेले. तिथला माणूस म्हणाला, तिनंच सांगितलं होतं. बरोबर होतं त्याचं, तिनंच सांगितलं होतं. त्यानंतर डॉक्टरांच्या खोलीत गेले, बाहेर रांग होती ती ओलांडून. फाईल शेवटच्या पानावर उघडून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ते पान वाचलं. फाईलमध्ये बहात्तर होतं, असं म्हणाले. मी म्हटलं, फाईलमध्ये बावन्नही होतं. ते वाईट माणूस नाहीत. दिवसाला किती फाईली त्यांच्यासमोर येतात ते मी बघते. पण मी एकच गोष्ट विचारली, बावन्न वाचलं असतं तर काय केलं असतं? त्यांनी टाळाटाळ केली नाही. पहिल्या पंधरवड्यात ऑपरेशनला घेतलं असतं, असं सांगितलं.

तिला लगेच आत बोलावून तपासलं. तीन महिन्यांत फोड गालाच्या कातडीपर्यंत आला होता. आता एकदम कापता येणार नव्हतं. आधी सलाइनमधून जड औषधं द्यायची, गाठ आकसली तर कापायची, नाही आकसली तर नाही. बहिणीला हे मी समजावून सांगितलं. ती माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाली, तीन म्हयने कुनी इचारलंच न्हाय व्हय? आणि मान फिरवून बसली. मला ते लागलं, लागायलाच पाहिजे होतं.

सरांकडं मी दुसऱ्या दिवशी गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं. त्यांना वाईट वाटलं, ते दिसत होतं. डॉक्टरांना त्यांनी माझ्यासमोरच फोन केला आणि तिच्या औषधांची चौकशी केली. नंतर ते संगणकाकडं वळले, आलेख उघडला, आणि कपाळावर हात फिरवत म्हणाले:

"मग हा नमुना काढून टाकू."

मी सरांशी चढ्या आवाजात कधी बोलले नव्हते. तेव्हा बोलले. "काढायचा नाही, सर. हलवायचा. रक्त खोटं नव्हतं, आपण लिहिलेलं वय खोटं होतं."

त्यांनी खुर्ची माझ्याकडं सरकवली. मी बहात्तर खोडून बावन्न टाकलं. लाल ठिपका आडव्या रेषेवरून डावीकडं सरकला आणि पन्नाशीतल्या सगळ्या ठिपक्यांच्या वर जाऊन बसला. तिच्या पेशी तरुण नव्हत्याच. तिच्या वयाच्या बायकांत सगळ्यात म्हाताऱ्या होत्या. ज्या कष्टांना आणि ज्या हवेला आम्ही टाळ्या दिल्या, त्यांनी तिला तरुण ठेवलं नव्हतं. खाल्लं होतं. पुढच्या व्याख्यानांतून सरांनी ती आजी काढून टाकली, पण ज्या सभागृहात टाळ्या पडल्या होत्या तिथं परत जाऊन कुणी काही सांगितलं नाही. टाळ्या परत करायची पद्धत नसते. मी सुचवून पाहिलं, तेव्हा सर म्हणाले, बघू. ते अजून बघताहेत.

औषधं सुरू झाली. तिला ती झेपली. वय पाहता झेपणार नाहीत म्हणून लिहिलेली औषधं तिनं उलट्या काढत, केस गमावत, बहिणीच्या हातची पातळ आंबील गिळत झेपवून दाखवली. मी रक्त काढायची. निळ्या पेशी वाढत होत्या, तो औषधाचा धर्मच. गाठ आकसली. मग ऑपरेशन झालं. पहिल्या पंधरवड्यात झालं असतं तर गाल गेला असता. आता गालासोबत अर्धा जबडा गेला आणि जिभेचाही तुकडा गेला. छातीचं मांस लावून भोक बुजवलं. त्यानंतर रेडिएशन, म्हणजे इथल्या भाषेत विजेचा शेक, झाला. ती वाचली, पण बोलणं गेलं. आवाज यायचा, शब्द होत नव्हते.

त्या काळात मी तिला हाक मारायचं टाळायची. या, बसा, हात पुढं करा, एवढ्यावर भागवायची. तिच्याही ते लक्षात आलं असणार.

मग जानेवारी लागला. नव्या वर्षाला केसपेपर नवा काढावा लागतो. त्या दिवशी मी नळ्यांचा ट्रे घेऊन जिन्याकडं निघाले होते आणि खिडकीपाशी रांगेत त्या दोघी बहिणी दिसल्या. खिडकीत तोच माणूस होता. त्यानं मान खाली घालूनच नाव विचारलं, थोरलीनं सांगितलं. पत्ता विचारला, सांगितला. मग त्यानं वय विचारलं. थोरली तोंड उघडणार, तेवढ्यात हिनं तिचा हात दाबला. कमरेची पिशवी सोडून आधार कार्ड काढलं आणि काचेला लावलं.

त्या माणसानं कार्ड घ्यायला काचेखालून हात पुढं केला. हिनं दिलं नाही. कार्ड काचेला तसंच दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताचं बोट जन्मसालावर वाजवायला लागली. टक, टक, टक. मागची माणसं कुरकुरली. कुणीतरी म्हणालं, म्हातारीला पुढं होऊ द्या. तिनं मागं वळूनही बघितलं नाही. बोट वाजतच होतं. शेवटी त्या माणसाला मान वर करावी लागली. त्यानं वाचलं, एकोणीसशे बहात्तर. बोट थांबलं नाही. तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला, मग कार्डाकडं, मग त्यानं मनात हिशेब केला आणि मोठ्यानं म्हणाला, त्रेपन्न.

तिनं मान हलवली. त्यानं तो आकडा लिहीपर्यंत ती बघत उभी राहिली आणि मगच कार्ड पिशवीत ठेवलं.

दोघी जिन्याच्या बाजूनं निघाल्या. त्यांनी मला बघितलं नव्हतं. मला तिला थांबवायचं होतं, काहीतरी बोलायचं होतं. तिचं नाव माझ्या फॉर्मवर, नळ्यांवर, फ्रीजमधल्या डब्यांवर मी कितीदा लिहिलं होतं, पण माझ्या तोंडात ते कधी आलंच नव्हतं. हाक मारायला मी तोंड उघडलं आणि काय म्हणून हाक मारावी ते मला सुचेना.